पाटावरचा सर्व्हर

आता नेटवर्कचाच विषय निघालाय तर ऐका. नव्वदीतली गोष्ट, मी बीडात अप्पांच्या छापखान्यात कंपोझिंगला होतो. खंडेनवमीला नवा सर्व्हर आला. औरंगाबादच्या इंजिनिअरनं जुन्यातल्या फायली नव्यात टाकल्या, जुना रिकामा करून बंद केला, आन् आमच्या सहा कॉम्प्युटरला काय बदलायला नको म्हणून नव्याला जुन्याचंच नाव दिलं.

आमी जेवून आलो, तर फोल्डर उघडतंय पण आत काईच न्हाई. नव्या सर्व्हरवर लिहून आलतं, या नावाचं दुसरं मशीन चालू हाय.

इंजिनिअर म्हणला, "खोटं दाखवतंय. जुनं मीच बंद केलंय. आता हे पुसून पहिल्यापासून करतो."

अख्ख्या दिवाळी अंकाचं मॅटर त्यातच, दुसरी कॉपी न्हाई. मी म्हणलं, "थांबा. अप्पा, जुना सर्व्हर कुठंय?"

"माझ्या केबिनमधी. पाटावर ठेवून पूजा केली."

"आन् वायरी?"

"माझ्या कॉम्प्युटरच्या काढून त्याला लावल्या की सगळ्या. बंद मशीनची पूजा करत्यात का बे?"

आत गेलो. झेंडूच्या हाराखाली हिरवा दिवा लुकलुकत होता. नाव एकच, म्हणून आमचे कॉम्प्युटर ह्या रिकाम्यातच शिरत होते. नमस्कार केला, नेटवर्कची वायर तेवढी उपसली, लाईट राहू दिली. नवा बंद करून चालू केला. साही कॉम्प्युटरवर दिवाळी अंक उघडला.

इंजिनिअर म्हणला, "हे कुठल्या पुस्तकात हाय?"

मी म्हणलं, "पुस्तकात न्हाई साहेब. खंडेनवमीला बीडात आलं, की हार कुणाला घातलाय ते आदी बघायचं."