झिऱ्याचं पाणी

सन दोन हजार एकोणीस, वैशाखाचा महिना. कन्हान नदीच्या कोरड्या पात्रात माझी टरबुजाची वाडी होती. काटोलचा माझा मित्र नामदेव भेटायला आला, तो घरून उकळलेल्या पाण्याची बाटली घेऊन. मला ते लागलं. पिण्याच्या पाण्यासाठी रेतीत झिरा मी स्वतःच्या हातानं खोदला होता.

"माह्या झिऱ्यावर भरोसा नाही काहून गा?"

"वरच्या अंगाले ढोरं बसतात, गुलाबराव. पोटात किडे जातात."

"रेतीतून गाळून येते ते. पे, नाही तं ऊठ इथून."

माझा मान राखायला तो दोन गिलास प्यायला.

पंधरा दिवसांनी त्याच्या बायकोचा फोन आला. "भाऊजी, यायले रक्ताची आव लागली. डॉक्टर म्हणते, पाण्यातूनच किडे गेले. हे खाटेवर, अन् संत्र्याची झाडं वाळून राहिली."

मी वाडी बायकोवर सोडली आणि काटोलची एसटी धरली. तीन आठवडे त्याच्या झाडांना पाणी दिलं. सत्तरीत कंबर मोडली. तो खाटेवरून विचारायचा, "थकले का गा?"

"गप पडून राहा."

बाविसाव्या दिवशी तो बागेत आला आणि माझ्या हातातलं फावडं घेतलं. मी पायाचा चिखल धुतला आणि घरी आलो.