चिखलदऱ्याचं धुकं आन आमचं घमेलं

नाई नाई नाई, आधी मासोळीकडे पाहा, माह्या तोंडाकडे मंग पाहा! सकाळपासून जो येते तो हेच इचारते, 'काहो श्यामलालभाऊ, आज रेवताबाई नाई? तुमी काहून दुकानावर?' अरे काहून म्हनजे? चिखलदऱ्यापायी! हाव, चिखलदरा, तो थंड हवेचा पहाड, अमरावतीच्या पल्याडचा! आता तुमी म्हनान, त्या पहाडाचा न् मोहाडीच्या आठवडी मासोळी-बाजाराचा काय संबंध? तेच तं सांगून राह्यलो... ठेवा ते पिशवी खाली, आयका दोन मिनिटं. घरी तं श्यामलालचं आयकते कोन?

आमचा पोरगा देवानंद, नागपुरात नोकरीले हाये. त्याची बायको रंजू. पोरगी गुणाची, पन हातात तो मोबाइल! मोबाइलात कोनीतरी ढगात उभं राहून फोटो काढलेला, इनं पाह्यला, झालं! 'बाबा, आईले घेऊन चला न, आई कधी कुठी गेली हाये का?' कुठी गेली म्हनजे? माहेरी अड्याळले जाते, बाजाराले मोहाडीले येते, आनखी कुठी जाव लागते मानसाले? 'बाबा, तिथं ढग खाली येते!' म्या म्हनलं, बाई, आमच्या करडीच्या तलावावर हिवाळ्यात रोज सकाळी ढग खालीच असते, त्याच्यासाठी पहाड चढाव नाई लागत! पन श्यामलालचं आयकते कोन? भाड्याची गाडी आली दारात, आमची बुढी रेवता नवी साडी घालून पुढच्या सीटवर, आन मी मांगं, चिवड्याच्या डब्याले मांडीवर घेऊन!

तो घाट काय सांगू तुमाले! वळन संपलं का वळन, वळन संपलं का वळन, अर्धा चिवडा डब्यात न् अर्धा माह्या सदऱ्यावर! चढलो एकदाचे. वर गेलो तं काय? धुकं! गाडीवाला म्हनते, 'काका, हा पहिला पॉइंट. इथून खाली दरी दिसते.' दिसते तं दाखव न बापा! 'आज नाई दिसत, पन हाये.' घ्या! दुसऱ्या पॉइंटवर गेलो. 'इथून धबधबा दिसते.' कुठी? 'आवाज आयका.' आयकला! तिसऱ्या पॉइंटवर तं लोकं धुक्याकडे पाठ करून धुक्याचाच फोटो काढून राह्यले! एक बाई नवऱ्याले म्हनते, 'अहो, जरा सरका ना, मागचा व्ह्यू येऊ द्या!' मांगं काय येनार होतं माय? म्या देवानंदले म्हनलं, चाल घरी, जे दिसत नाई ते घरूनबी नाईच दिसत. रेवता भुट्टा खाऊन राह्यली होती, तिखट-मीठ लावून. म्हनते, 'मले दिसून राह्यलं सारं. गप बसा.'

मंग आला तलाव. तेवढं मात्र बरं वाटलं हो, पानी पाह्यलं का जीव थंड होते आपला. म्या त्या तिकिटवाल्याले इचारलं, मासोळीचा ठेका कोनाचा हाये? बीज कायचं टाकलं, रोहू का कतला? तो म्हनते, 'काका, इथं मासोळी नाई धरत, बोटिंग करते.' म्हनजे काय करते? 'बसाचं, फिराचं, वापस याचं.' खाली हातानं? 'खाली हातानं!' तुमीच सांगा, असं कोनी पान्यात जाते? आन बोट कशी? बदकाची! समोर बदकाचं तोंड, खाली सायकलवानी पायडल, मारत बसा! माह्या बापानं डोंगा चालवला, आज्यानं डोंगा चालवला, न् मी तिकीट काढून बदकात बसू? म्या म्हनलं, मी नाई बसत! तं रेवता म्हनते, 'मी बसते.'

आता पाहा, आमच्या घरी बाईनं डोंग्यात पाय नाई ठेवाचा. माह्या मायनं नाई ठेवला, तिच्या सासूनं नाई ठेवला. काहून? म्हने, जाळं रिकामं येते. मानूस पान्यात जाते, बाई टोपलं घेऊन तलावाच्या पारीवर, काठावर, उभी राहाते, वाट पाहात. मासोळी आली का तेच टोपलं डोक्यावर न् बाजार. आन हिवाळ्यात धुकं दाटलं का तिनं पारीवरून घमेलं बडवाचं, टन्न टन्न टन्न... डोंग्यातल्याले मंग समजते काठ कोन्या बाजूले हाये ते. रेवता लगन होऊन आली तवापासून बडवून राह्यली. म्हनून म्या तिले आठवन देली, रेवता, आपल्या घरी डोंग्यात बाई... तं म्हनते कशी, 'हा कुठी डोंगा हाये? हे तं बदक हाये!' आता बोला! लाल जाकीट घातलं, रंजूचा हात धरला न् चालली! आन श्यामलालचं आयकते कोन?

देवानंद गेला चहा आनाले, मी एकटा पारीवर. पाहून राह्यलो, बुढी पायडल मारून राह्यली, साडी गुडघ्यापर्यंत वर, हासून राह्यली खो खो... आन धुकं आलं. असं आलं, का बदक दिसे, बदकाचं तोंड दिसे, मंग काहीच नाई. आधी तिचं हासनं आयकू येत होतं, मंग तेबी थांबलं. तिकिटवाला म्हनते, 'येते काका, टेन्शन नका घेऊ.' अरे, तुही बायको हाये का तिथं? म्या आवाज देला, रेवताऽऽ! पुन्हा देला. धुक्यात आवाज जाते न् तिथंच बसून राहाते, कोनी आयकत नाई. भेव वाटलं मले. खोटं कायले बोलू, लई भेव वाटलं! पान्यात असताना मानसाले भेव नाई वाटत हो, तिथं हाताले काम असते. काठावर हाताले कामच नाई! नुसतं पाहा... न् दिसत काहीच नाई.

तेवढ्यात माही नजर गेली काठावरच्या भुट्टेवालीकडे. तिच्याजवळ एक घमेलं रिकामं पडलेलं. घेतलं उचलून, घेतला दगड, न् सुरू! टन्न टन्न टन्न टन्न! भुट्टेवाली बोंबलून राह्यली, लोकं मोबाइल काढून माहीच शूटिंग करून राह्यले, एक जन इचारते, 'भैया, ये यहाँ का कोई नाच है क्या?' नाच तुह्या घरी! मी बडवून राह्यलो, डोळ्यातून पानी चाललं होतं, पन हात नाई थांबवला.

आन बदक आलं! सरळ आवाजावर, तोंड माह्याकडे करून! रंजू रडून रडून लाल. रेवता? रेवता आरामात उतरली, जाकीट काढलं, न् मले म्हनते, 'केवढं हळू बडवता हो! सकाळी जेवले नाई का?' अरे हे तं माहं बोलनं हाये! जलमभर डोंग्यातून उतरल्याबरोबर मी तिले हेच बोललो! मंग जवळ आली, हळूच कानात म्हनते, 'तिकडच्या कोपऱ्यात रोहू हाये. मोठ्ठा.' तिचे डोळे पाह्यले न् मी समजलो, हे बाई आता पारीवर नाई राहात.

तसंच झालं! घरी आलो, दुसऱ्या दिवशी पहाटे तलावावर गेलो, तं बुढी डोंग्यात! जाळं मांडीवर! 'तुमी राहा तिथं. हे बदकाहून सोपं हाये.' म्या म्हनलं, पाहाजो, जाळं रिकामं येते का नाई ते. आता पाहा न या टोपल्यात! रिकामं दिसते का तुमाले? आन जो पारीवर, तोच बाजारात, हा नेम तं आमच्याच घरचा!

हिवाळा येऊन राह्यला आता. धुकं पडन. घमेलं घासून ठेवलं म्या, संध्याकाळी थोडं बडवूनबी पाहातो, शेजारी शिव्या देते, देऊ द्या... तिले आयकू आलं पाह्यजे न!

घ्या, ही तुमची अर्धा किलो. काय म्हनता? रेवताबाई वरतून एक टाकते? टाकत असन बापा. ही घ्या, टाकली. आता काय? हे नाई, ते मोठी पाह्यजे? अवो, ते घरच्यासाठी ठेवली, तिनं सांगितलं होतं... घेतलीच काय? घ्या, घ्या... श्यामलालचं आयकते कोन!