मधवाली म्हातारी हलत नाही

—नाही नाही, पैसे परत नकोच आहेत मला, आल्या आल्या सांगितलं ना, डिस्क बदलून द्या. गेम हीच, डिस्क दुसरी. ही बिघडलीय. ओरखडा नाही हो, मलाही दिसतंय, चष्मा लावूनच आलोय — ओरखडा नसला म्हणून काय झालं? मी उभा जन्म गाद्यांच्या शोरूममध्ये काढलाय. वरून खोळ नवीकोरी आणि आत स्प्रिंग मोडलेली, अशा गाद्या काय थोड्या पाहिल्यात? सांगतो काय होतं ते. दुकानात दुसरं कोणी नाही, तेव्हा ऐका जरा.

मुलीने तुमच्याच दुकानातून धाडली ही गेम. लांब असते ती. म्हणाली, बाबा, नुसतं भिंतीकडे बघत बसू नका, यात जीव रमेल. मी म्हटलं, या वयात हे काय खूळ — पण रमला, खोटं कशाला बोलू? सुरुवातीला विचारतात ना, तुमच्या माणसाला काय काय यायला हवं — तलवार, जादू, चोरी, मन वळवणं — तर मी तलवारीला काही म्हणजे काहीच दिलं नाही. सगळे गुण मन वळवण्यावर. हसा, मुलगीही हसली. पण मला दुसरं येतंय काय? बोलणाऱ्याची माती विकते म्हणतात, मी तर गाद्या विकल्या. त्यातली मेख सांगू? गिऱ्हाइकाला 'घ्या' म्हणायचंच नाही. पाठ कुठे दुखते ते आपुलकीने विचारायचं, गादीवर आडवं व्हायला लावायचं आणि आपण गप्प बसायचं. उठता उठता माणूस आपणहून विचारतो, घरी कधी पोचवाल? गेममध्येही माझं तेच. पुलावरचा तो पहारेकरी — ज्याला तुमचे तलवारवाले मारूनच पुढे जातात — मी त्याच्या गुडघ्याची चौकशी केली, सोडलं त्याने. एक दरोडेखोर तर मला लुटायला आला आणि स्वतःचा घोडा देऊन गेला. अगदी लोण्यासारखं चाललं होतं सगळं.

मग ते नदीकाठचं गाव. ड्रॅगन येणार, गाव जळणार, त्याआधी सगळ्यांना बाहेर काढायचं. गिरणीवाला निघाला, लोहार कुरकुरत का होईना निघाला. राहिली शेवटच्या घरातली ती मधमाश्या पाळणारी म्हातारी. ती हलत नाही. बोलायला चार वाक्यं दाखवतात, त्यातलं जे पटणार ते हिरवं दिसतं ना या गेममध्ये? आजवर एकही हिरवं वाक्य माझं वाया गेलेलं नाही. इथेही हिरवं दिसतं, मी दाबतो, आणि बाई शांतपणे म्हणते, तू जा, मी इथे बरी आहे. मागे जाऊन पुन्हा खेळलो. गोड जिभेची ती अंगठी असते ना, ती मिळवून आणली. मन वळवण्याची पट्टी काठोकाठ भरलीय आता, वर जागा नाही. तरी बाईचं आपलं एकच. मग हा बिघाड नाही तर काय आहे?

आमची ही अशीच — म्हणजे उदाहरण म्हणून सांगतोय. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर थोडी आशा आहे. ही म्हणाली, नको, आता कापाकापी नको. मी काय कमी समजावलं? मुलीचं नाव काढलं, रागावलो, लाडीगोडी लावली. एकदा तिची पाठ कुठे दुखते ते विचारलं आणि गप्प बसलो — सवयीने हो, मुद्दाम नाही — तर तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. म्हणाली, "अहो, मला गादी विकू नका." इतकी वर्षं माझ्याबरोबर काढली, तिला कळणार नाही? फार लागलं मला ते. तरी मी सोडलं नाही. स्वयंपाकघराचं दार लोटून या डॉक्टरला फोन, त्या डॉक्टरला फोन — म्हटलं, कोणीतरी एक वाक्य देईल, जे तिच्या गळी उतरेल. ती बाहेर खिडकीशी, खुर्चीत. त्या दिवशी हाक मारली तिने. "या ना, बसा जरा." मी म्हटलं, आलोच, फोनवर आहे. फोन ठेवून बाहेर गेलो तर मान कललेली. वाटलं, डोळा लागलाय. मी पायावर पांघरूणसुद्धा घातलं हो तिच्या.

असो. डिस्कचं बोला. काय म्हणालात? बिघाड नाही? सगळ्यांचं असंच होतं? म्हणजे गुण कितीही असले तरी ती कुणाचंच ऐकत नाही — मुळात तसंच लिहिलंय? मग हिरवं कशाला दाखवतात, माणसाला आशा कशाला लावतात? बरं. बरं. म्हणजे पटेल असं वाक्य नव्हतंच. कुणाकडेच नव्हतं.

आणि म्हातारीपाशी तो सगळ्यात खालचा पर्याय असतो, तो? करड्या अक्षरातला. तो मी कधी दाबलाच नाही, त्यात मन वळवण्याचं काही नाही ना, नुसतं 'जवळ बस' म्हणून लिहिलंय. त्याने काय होतं? काहीच नाही? ती बोलत बसते, माश्यांबद्दल, जुन्या दिवसांबद्दल — आणि गाव? गाव जळायचं ते जळतंच. हं. तुम्ही बसला होतात? शेवटपर्यंत?

द्या ती इकडे. बदलून नको, हीच द्या. पिशवीही नको. मला काही झालेलं नाही, तुमच्या दुकानात धूळ फार आहे. ते बघा, गिऱ्हाईक आलंय दारात, तुम्ही त्यांच्याकडे बघा. मला निघू द्या आता — तिने कधीची हाक मारलीय.