थेंब मुरेपर्यंत

डोळ्यांत थेंब घातलेली माणसं अर्धा तास डोळे मिटून बसतात आणि शेजारी कोण आहे हे न पाहताच बोलायला लागतात, हे नर्सच्या अंगवळणी पडलं होतं.

“छापखान्यात बावीस वर्षं लोकांच्या बातम्या पानात बसवतोय. आता माध्यमांची पदवी घेईन म्हणतो. ऑनलाइन,” डोळे मिटून बसलेले एक काका म्हणाले.

“बरंय बाई तुमचं,” शेजारच्या खुर्चीतल्या मावशी म्हणाल्या.

“दोन कोर्स शोधून काढलेत. एक अगदी स्वस्त. धडे रेकॉर्ड केलेले, हवे तेव्हा बघा.”

“मग तोच घ्या की. नोकरी सांभाळून झेपेल तरी.”

“दुसरा दीडपट महाग आहे.”

“त्याला काय सोनं लागलंय?”

“रोज संध्याकाळी सातला हजेरी घेतात.”

“म्हणजे हजेरी द्यायची ती द्यायची, वर जास्तीचे पैसेही आपणच भरायचे?”

मावशींचा नंबर आला होता. नर्सनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना हळूच आत नेलं. ती परतली तेव्हा काका डोळे मिटूनच रिकाम्या खुर्चीशी बोलत होते.

“दोन दिवस वर्गात दिसलो नाही, तर फोन करून विचारतात म्हणे, बरे आहात ना... ऐकताय ना?”

नर्स त्या खुर्चीत बसली.

“ऐकतेय. बोला.”