रिकामी ढाबळ

गिन्तर : कॉफी राहू दे. आधी सांग, कबुतरं कुठायत?

एर्विन : दिली. पलीकडच्या आळीतल्या पाउलला.

गिन्तर : सगळी?

एर्विन : सगळी. बस ना, बाबा.

गिन्तर : बसायला नाही आलो. आपल्या खाणवस्तीत ढाबळ कोण मोकळी करतं, मला शिकवू नकोस. घर सोडून निघालेला माणूस! कबुतरांना नव्या घरी नेता येत नाही, ती जुन्याच छपरावर येऊन बसतात. तेव्हा स्वारी कुठे निघाली? त्या ब्झेझिना गावाला?

त्रूदा : भावजी, हळू. भिंतीपलीकडे ऐकू जातं.

गिन्तर : जाऊ दे, वहिनी. उद्या ब्झेझिनाशीच सामना. हरलो की आपला क्लब खालच्या गटात. आणि आमचे कोचसाहेब मंगळवारी त्यांच्याच चौकात ठाण मांडून बसलेले! माझ्या मेव्हण्यानं पाहिलंय.

एर्विन : पाय दुखले, म्हणून बसलो.

गिन्तर : का, आपल्या गावातले बाक मोडले? बरं, गेल्या रविवारचं सांग. आपण एका गोलनं पुढे, शेवटची दहा मिनिटं, आणि तू बचावातला स्टॉपर बाहेर काढून फॉरवर्ड आत घातलास. जिंकत आलेली मॅच घालवलीस.

एर्विन : चुकलं.

गिन्तर : चुकलं? पोलंडची जर्सी घालून बचाव सांभाळलेला माणूस तू! मी तुझ्या शेजारी बारा वर्षं खेळलो. आज मैदानाचं गवत राखत असलो, तरी डोळे फुटलेले नाहीत माझे. महिनाभर मला नावानं हाक मारली नाहीस. नुसतं 'अरे', 'बाबा'. विकलं गेलेलं माणूसच असं तोंड चुकवतं. पाच वाजता क्लबची समिती तुझ्याचसाठी बसतेय. तिथे सगळं सांगू?

त्रूदा : अहो, सांगा आता त्यांना.

एर्विन : तू गप्प बस.

त्रूदा : नाही बसणार. भावजी, मंगळवारी हे कोपऱ्यावर पाव आणायला गेले होते. बसमध्ये कसे चढले, यांनाच ठाऊक नाही. संध्याकाळी पोलिसांनी आणून सोडलं.

गिन्तर : वहिनी, नवऱ्याला वाचवायला गोष्टी रचू नका.

त्रूदा : त्या बाकावर हे ज्या पोलिसाला सापडले, त्याला विचारा, मग मला खोटं म्हणा.

एर्विन : कबुतरांना दाणा घालायचं विसरलो. पाणीही. त्यात माझी निळी मेली. उरलेली तरी जगू देत, म्हणून दिली.

(गिन्तर खुर्ची ओढून बसतो.)

गिन्तर : आणि तो स्टॉपर?

एर्विन : मला वाटलं, आपण हरतोय.

त्रूदा : डॉक्टर म्हणतात, जन्मभर डोक्यानं चेंडू मारले, त्याचाही परिणाम असेल.

गिन्तर : ते चामड्याचे धोंडे... पावसात भिजले की उचलवत नसत. उंच आलेला प्रत्येक चेंडू तूच घ्यायचास. मी पाय उचलला की ओरडायचास, 'हलू नकोस, माझा!'

एर्विन : तुझं नाक दोनदा मोडलं होतं. तिसऱ्यांदा मोडलं असतं, तर तुझ्या बायकोनं मला उभा जाळला असता.

गिन्तर : आणि मी तुला फितूर म्हणत गावभर फिरलो. थू माझ्यावर!

एर्विन : मीच लपवलं. चेहरा ओळखतो रे तुझा. नाव कधी येतं, कधी नाही. चुकीचं घेण्यापेक्षा न घेतलेलं बरं, म्हटलं. उद्याची एक मॅच करू दे. मग मीच सोडतो.

गिन्तर : उद्या बाकावर मी तुझ्या शेजारी. स्कोर मी सांगेन, पोरांची नावं मी सांगेन. पण खेळ तू बघायचास. तो तुझ्यासारखा कुणाला दिसत नाही.

त्रूदा : आणि पाच वाजता? तुम्हीच तर आग लावून ठेवलीत. समितीवाले सोडतील का?

एर्विन : माझा कोट दे. मी जातो, मीच बोलतो.

गिन्तर : हलू नकोस. माझा!