पाचवं मत

हॅलो?

हॅलो… हो, जुन्नर पोस्टातनंच. कासम कागदी बोलतोय… हो बाई, मुंबईचा ट्रंक कॉल माझाच. जोडा. सकाळधरनं हितं बाकावर बसलोय.

हॅलो? अजीज?… मोठ्यानं बोल रे. कोच हायेस ना देशाच्या टीमचा? ग्राउंडच्या त्या टोकाला ऐकू जाईल असं बोल… हां, आता कसं.

बरी हाय तुझी बहीण. शेजारीच बसलीय… अगं अमिरुन, थांब ना, देतो तुला फोन. आधी कामाचं बोलू दे… बरा हाय म्हणतोय. हो, जेवतो म्हणतोय.

गुडघा? सूज उतरली, पण वाकत नाय. डाक्टर म्हणतो, एस्टीत बसायचं नाव काढू नका. म्हणून तर मीटिंगला आलो नाय मी… व्हय, नायतर आलोच असतो.

ठाऊक हाय मला. सेक्रेटरींचं पत्र आलं ना. कमिटीत पाच जण. दोघं म्हणतात अजीजच राहू द्या, दोघं म्हणतात परदेशातला साहेब आणा. पाचवा मी, जुना फुटबॉलवाला म्हणून. माझं मत तारेनं चालतं, आज पाचच्या आत पोचायला पायजे… आता? आता तीन वाजून धा मिनिटं. पोस्टाचं घड्याळ हाय, पुढं नाय का मागं नाय.

सांगतो ना. ऐक तर.

हो, साहेब येऊन गेला. परवा गेला. सेक्रेटरींनीच धाडला. तुमाला येता येत नाय तर पावणं तिकडं पाठवतो, नीट बघून घ्या, म्हणले. तुझ्या बहिणीनं नवी चादर काढली. म्हणली, स्थळ घरी आलंय, जुनी चादर बरी दिसत नाय… तुझ्यावर बेतलंय हे तिला ठाऊक व्हतं रे. पण पावणा तो पावणा.

हॉलर. ऑस्ट्रियाचा. इंग्रजी त्याचं अर्धं आणि आमच्या शाळेच्या सयाजी मास्तरांचं अर्धं. दोन्ही मिळून एक व्हईल असं वाटलं व्हतं, पण दोघांची अर्धी एकच निघाली. मग हातवाऱ्यांवर भागवलं… जेवला की. मासवडी खाल्ली. सहा खाल्ल्या. नंतर विहिरीवर आंघोळ करून आला आणि परत खाल्ल्या.

हसू नको, खरं सांगतोय.

तेच सांगतोय ना. दुसऱ्या दिशी गडाखालच्या ग्राउंडवर आपली टीम बोलावली. आपली म्हणजे तीच रे, कागदी आळीची, आणि बाजारपेठेतले चार. मी बैलगाडीत बसून गेलो. नवसू व्हता संगं… नवसू म्हणजे निमगाव साव्याचा, मेंढरंवाला. आपल्या वावरात त्याचीच मेंढरं बसवलीत ना खतासाठी. म्हणला, मी पण बघतो तुमचा साहेब.

आता हे नीट ऐक. नवसूनं मला वाटेत इचारलं, तुमी बघणार काय त्याच्यात? मी म्हणलो, पास कसा शिकवतो, पळवतो कसा, ते बघणार. नवसू म्हणला, आमी मेंढरांमागं नवा गडी ठेवताना त्यातलं काय बघत नाय. सकाळी कळप त्याच्या हवाली करायचा आणि आपण घरी जायचं. दिवस कलला की वाटेवर उभं राहायचं. पुढची मेंढरं बघायची नाय, ती कुणाच्याबी मागं येतात. लंगडं मेंढरू कुठं हाय ते बघायचं. गड्याच्या जवळ असलं तर ठेवायचा. नसलं तर भाकर खाऊ घालून वाटंला लावायचा.

विषय सोडत नाय मी. हाच विषय हाय.

हॅलो? … हो बाई, झाली का तीन मिनिटं? … अजीज, वाढवतोस का? … वाढवा म्हणतोय तो बाई. वाढवा.

हां. तर साहेबानं टीम पळवली. गेणभाऊ आठवतो का तुला? बांगडीवाला गेणभाऊ. … तोच, पाय ओढत चालतो तो. बारावा गडी म्हणून घेतो आमी त्याला, मन राखायला. सगळे पुढं गेले, गेणभाऊ राहिला मागं. साहेबानं काय करावं? बूट काढले. मोजे काढले. अनवाणी गेला मागं, गेणभाऊच्या शेजारनं. कुसळं, खडे, कशाचं काय नाय. सगळा फेरा गेणभाऊच्या चालीनं केला आणि त्याच्या पायाकडं बघत राहिला. मग त्याला थांबवून, पाऊल कसं टाकायचं ते दाखवलं. हातानं धरून दाखवलं, खाली बसून.

नवसूनं नुसतं माझ्याकडं बघितलं.

हो… हो, ऐकतोय. तू पण तेच केलं असतंस. ठाऊक हाय. तू केलेलं मी बघितलंय.

अजून हाय. ते झाल्यावर साहेबानं इचारलं, ही माणसं छातीवर बॉल घेऊन पायात सोडतात ती तऱ्हा कुणी शिकवली? असं ह्या देशात कुठंच बघितलं नाय. सयाजी मास्तरांनी तीनदा उलटसुलट केलं तवा मला कळलं. मी म्हणलो, माझ्या मेहुण्यानं, सुट्टीवर येतो तवा शिकवतो. साहेबानं नाव इचारलं. मी सांगितलं. तर त्यानं कपाळाला हात लावला. म्हणला, तो अजीज? जो टीमला हाय तोच? मग मला कशाला बोलावलं तुमी लोकांनी? त्यालाच ठेवा.

हो. तोंडावर म्हणला. चहा पिता पिता.

ऐकलंस ना? … परत सांगू? त्यालाच ठेवा, असं म्हणला.

थांब. थांब जरा, खूश नको व्हऊ.

अजीज, तार मी केली सकाळी. धा वाजता. हितनंच, पोस्टाच्या सावळेराम मास्तरांनीच केली.

साहेबाला.

साहेबाला दिलं मत. … हॅलो? … अगं, बस खाली. बस. सांगणारच व्हतो तुला, जेवताना सांगणार व्हतो. … तिला बोलतोय मी, तुला नाय. … नाय, तिला ठाऊक नव्हतं. आत्ता कळलं, तुझ्याबरोबरच.

का म्हणजे? सांगितलं ना. हातात आलेली भाकर जो माणूस दुसऱ्याच्या ताटात वाढतो, त्याच्यापरीस सरळ माणूस कुठला? मी म्हणलो, असाच पायजे आपल्या टीमला… व्हय, वाढली तुझ्या ताटात. आणि मी उचलून परत त्याच्या ताटात ठेवली. दिसतंय मला ते. मी कागद बनवतो, पण डोकं अजून लगदा झालं नाय.

नवसूला मधी आणू नको. नवसूनं मत दिलं नाय.

बरं, बरं. मेंढरांचं सोड.

काय करू म्हणतोस? … दुसरी तार? … मास्तर, आता दुसरी तार केली तर पोचंल का पाचच्या आत? … अर्जंट केली तर पोचंल म्हणतात. … पत्रात तसं लिवलंय व्हय, शेवटची तार धरणार म्हणून? मी तेवढं वाचलं नव्हतं.

अगं, तू तारेचा फॉर्म कशाला मागतीस? लिवता येतं का तुला?

नाय अजीज. नाय करत दुसरी.

कारण… अरे, लोकं काय म्हणत्याल? सत्तेचाळीसपतोर साहेबांचं राज्य व्हतं, आता साहेब नको, हे समदे म्हणतात. ते ठीक हाय. पण त्या साहेबाच्या जागी कोण? कासम कागदीचा मेहुणा. आणि मत कुणाचं? कासम कागदीचं. जुन्नरात हसत्याल, मुंबईत हसत्याल. म्हणत्याल, म्हाताऱ्यानं बायकोच्या भावाची सोय लावली.

दिलं ना त्या दोघांनी तुला. दिलं, आणि कुणी त्यांना काय म्हणलं नाय, कारण ते तुझे कुणी नव्हते. त्यांनी तुझ्या कामाला दिलं. मी पण कामालाच दिलं असतं. पण तसं म्हणणार कोण?

व्हय.

व्हय, माझीच अब्रू सांभाळली मी. तुझं खरं हाय. साहेब, लंगडं मेंढरू, समदं मागनं जोडलं. साहेब जुन्नरात यायच्या आदीच ठरलं व्हतं माझ्या मनात. तो वाईट निघाला असता तरी मी त्यालाच दिलं असतं. चांगला निघाला, मला तेवढंच बरं वाटलं.

सहा वर्षं. मला काय मोजून दाखवतोस? टीमला तू घेतलंस तवा त्यांच्याकडं गोल मारणारा नव्हता का गोल अडवणारा नव्हता… हो. … हो रे. हिच्या लग्नात हिच्या संगं आलास तू आमच्या घरी, सात वर्षांचा. तुला बॉल मीच दिला पयला. मला लई वाईट वाटतंय अजीज. पण तार मी करणार नाय.

रडत नाय ती. बघतीय माझ्याकडं.

हॅलो? हो बाई, ऐकलं, सहा मिनिटं झाली. … अजीज? वाढवू नको म्हणतोस? … एकच इचारायचंय? इचार.

कोण चांगला?

म्हणजे काय, कोण चांगला… साहेब का तू? … मत सोडून. नातं सोडून. नुसतं बॉलचं बघून… हे काय इचारणं झालं का, अजीज?

नाय, उत्तर हाय. उत्तर नाय असं नाय.

हितं माणसं हायेत रे. खिडकीला चौघं उभी हायेत, मनीऑर्डरवाली. मास्तर हायेत. समदी कान देऊन हायेत, कुणी टिकिट चिकटवंना झालंय… थांब, जरा भिंतीकडं तोंड करतो. … मी काय म्हणतो, तू गावाकडं आलास की निवांत बोलू. पत्र लिवतो, पत्रात सांगतो… अजीज? … आत्ताच पायजे व्हय?

बरं.

तू.

तू चांगला, अजीज. तो साहेब चांगला हाय, पण तू त्याच्यापरीस चांगला. माझ्या बघण्यात तुझ्यासारखा दुसरा नाय, ह्या देशात नाय आणि त्याच्या देशातबी असंल असं वाटत नाय. हे मी कवा बोललो नाय तुला. बोलायला पायजे व्हतं.

अजीज?

हॅलो? … हॅलो? बाई, लाइन गेली का?

त्यांनी ठेवला व्हय… बरं. बाई, एक इचारू का? तुमी आमचं बोलणं ऐकत नसता, ठाऊक हाय मला. तसा नियम हाय. तरीपण. त्यानं ठेवला तो मी ‘तू चांगला’ म्हणायच्या आदी, का नंतर?

आठवून सांगा. घाई नाय.

आदी.

पत्र लिवतो म्हणलो तवाच… बरं. नाय, परत नका जोडू. त्याचा नंबर नाय माझ्याकडं. ठेवतो बाई.

चल अमिरुन. … व्हय, मला ठाऊक हाय तुला ऐकू आलं. खिडकीतल्या चौघांनापण आलं. त्याला नाय आलं.