मृणालने नखं का कापली नाहीत

चाची, दिनकरराव, आणि मास्तरांच्या शोकसभेला कामं टाकून आलेले आपण सगळे.

मला सभेत बोलायची सवय नाही. इंजिनिअरिंग अर्धवट सोडलं तेव्हा प्राचार्यांसमोर काय बोललो तेवढंच, आणि तेही सभ्य नव्हतं. आज तर डोकं तापलंय. तेव्हा सांभाळून घ्या.

आपले बशीर मास्तर बीन वाजवायचे. रुद्रवीणा. बाकीचे बहुतेक जण उजव्या हाताच्या बोटांत तारेची नखी घालतात. मास्तर घालत नसत. नुसतं नख. तर्जनी आणि मध्यमा मुख्य तारेवर, करंगळी कडेच्या चिकारीच्या तारेवर. जुनी पद्धत. मी एकदा म्हटलं, मास्तर, नख तुटतं, नखी घालू का? म्हणाले, "घाल की. मग तारेला काय झालं ते बोटाला कळणार कसं? मोबाइल करून विचारणार?"

मास्तरांच्या वारज्याच्या खोलीत शिकताना आधी कित्येक महिने फक्त तर्जनी. मध्यमा मागायची नाही, ते देतील तेव्हा. बोट तारेवर आपटायचं नाही. टेकवायचं, मग सोडायचं. मी आपटायचो. टेकव, म्हणायचे. टेकव. अरे, टेकव. एकदा, शेजारी मृणाल शिकायला बसली होती तेव्हा, वैतागून म्हणाले, "हात तारेवर आणि डोळे मृणालवर. निदान एक तरी जागेवर आण."

हो, मला मृणाल आवडते. मागे कुजबुज चालली आहे, म्हणून मीच सांगतो. तिने नाही म्हटलंय. स्पष्ट. तेव्हा तिच्या बाजूने बोलून माझ्या पदरात काही पडणार नाही.

मृणाल हडपसरला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कीबोर्डवर नखं तुटतात, म्हणून ती उजव्या हाताची तर्जनी, मध्यमा आणि करंगळी वर उचलून टायपिंग करते. साहेबाने विचारलं, हाताला लागलंय का? ही म्हणाली, हो, कायमचं. अशी राखलेली नखं आहेत ती.

आणि आत्ता दिनकरराव काय म्हणाले, ते आपण ऐकलंत. दिनकरराव, आपण ज्येष्ठ आहात. मास्तरांचे पहिले शिष्य. या घराण्याची रीत आपण सांगितलीत: गुरू गेले की शिष्यांनी उजव्या हाताची नखं कापायची, ती वाढेपर्यंत बीन बंद. आपण कापलीत. मीही आज सकाळी कापली, ही बघा. मृणालने कापली नाहीत. म्हणून ती मास्तरांची शिष्य नाही, तिने यापुढे बीनला हात लावायचा नाही, आणि मास्तरांची बीन आपण घरी नेणार. असंच म्हणालात ना?

मग ऐका.

मास्तर आजारी पडले त्या आठवड्यात मी आणि मृणाल शिकवणीला गेलो होतो. वाजवणं झालं नाही. मास्तर पडूनच बोलत होते. त्यांचे उस्ताद गेले तेव्हा त्यांनीही नखं कापली होती. मध्यमेचा एक परतीचा आघात, बोट मागे येताना तार छेडायची तो, तेव्हा नुकताच हाताला लागत होता. कच्चा होता. नखं वाढेपर्यंत हात थांबला, आणि तो आघात गेला. म्हणाले, "नख परत आलं रे. चूक सांगणारा आला नाही." मग आयुष्यभर तो शोधत राहिले. कधी सापडायचा, कधी नाही. त्यांच्या म्हाताऱ्या बोटांनी तो मृणालच्या हातात कसाबसा आणून ठेवला होता. तिच्याकडे वळून म्हणाले, "मी गेल्यावर तू नखं कापायची नाहीस. लोक बोलतील. वाजवत राहायचं."

मी विचारलं, आणि मी?

"तू कापलीस तरी चालेल."

हसा, हसा. मीही हसलो होतो. घरी जाऊन नाही हसलो.

सकाळपासून या हॉलमध्ये बायका तिच्या बोटांकडे बघतायत. ती ओढणीत हात लपवून बसली आहे. मी जिन्यात म्हटलं, सांग ना सगळ्यांना. ती म्हणाली, आजच्या दिवशी मी साक्षीदार गोळा करत फिरू? आणि तू भांडू नकोस. मृणाल, मी भांडत नाहीये. हे माझं मनोगत आहे.

साक्षीदार मात्र आहे. चाची, त्या दिवशी तुम्ही मास्तरांचे पाय चेपत बसला होतात. बोलू नका. नुसती मान हलवलीत तरी पुरे.

बघा. सगळ्यांनी बघितलंत?

दिनकरराव, रीत मास्तरांना आपल्याइतकीच ठाऊक होती. त्यांनी ती पाळून बघितली होती. आपली नखं वाढायला वेळ लागेल, माझ्या नखांनी तसाही काही फरक पडत नाही. आज तो आघात एकाच हातात आहे. तो हात थांबवायचा का? बीन घरी न्यायची तर न्या, पण मास्तरांनी काय सांगितलं होतं ते चाचींना विचारून न्या.

अशा सभेत शेवटी उभं राहून शांतता पाळतात. माझी विनंती आहे, बसूनच पाळा, खुर्च्या वाजतात. नुसत्या नखाचा आवाज तिसऱ्या-चौथ्या रांगेपलीकडे जात नाही, तेव्हा मागच्यांनी पुढे या. मोबाइल बंद करा. कुणीतरी पंखेही बंद करा.

मृणाल, ये. बीन घे.

दिनकरराव, तिला वाट द्या.